कुंडींतील झाडांच्या पानांवरून पाण्याची परीक्षा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकांठीं व पनवेलच्या खाडीच्या आसपास पूर्वीं भाताचीं खाचरें, खारबंदिस्त्या आणि मिठागरें होतीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व नव्या मुंबईकरितां ठाणें, पनवेल व उरण या बाजूंच्या ९५ गांवांची जमीन ठरविण्यांत आली. पुष्कळ शेतकरी कुटुंबांची शेती त्यांत गेली; पण झाड लावण्याची संवय गेली नाहीं. बेलापूर, सानपाडा, घणसोली, कोपरखैरणें येथील गांवठाणांत ओट्यावर, पडवीपुढें व गच्चीवर कुंड्यांतून तुळस, कढीनिंब, लिंबू, मिरची, जास्वंद व मोगरा यांची जोपासना चालू आहे. ज्यांची जमीन अद्याप उरण, पेण, कर्जत या बाजूंस शिल्लक आहे, ते बागाईतदार आंब्याचीं व चिकूचीं कलमें आणून लागणीची वेळ येईपर्यंत तीं पिशव्यांत किंवा कुंड्यांत घरापाशींच संभाळतात. असें कलम लागणीपूर्वींच मेलें, तर पैसा जातोच, शिवाय लागणीचा एक हंगामहि बुडतो.

पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी कमी पडलें असें समजून आणखी पाणी घालावयाचें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर खत टाकावयाचें, अशी सर्वत्र चाल आहे. या चालीनें कित्येक झाडें तहानेनें न मरतां पाण्यानें मरतात. पानाचा बिघाड दिसतो एकसारखा, पण त्याचीं कारणें पुष्कळदां परस्परविरुद्ध असतात. एकाचें औषध तें दुसऱ्याचें विष ठरतें. म्हणून उपचारापूर्वीं निदान कसें करावें, याचा विचार या लेखांत केला आहे.

शेत आणि कुंडी यांतील भेद

शेतांतील झाडाचीं मुळें ओलीच्या शोधार्थ खोल जातात व दूरवर पसरतात. पाणी जास्त झालें तर तें खालच्या थरांत उतरतें. कुंडींतील मुळांस हे दोन्ही मार्ग बंद असतात. वरचा व्यास ३० सेंटिमीटर, तळाचा २० व उंची २८ सेंटिमीटर अशी कुंडी कांठोकांठ भरली, तरी तींत सुमारें १४ लिटरच माती मावते. एवढ्या मातीवर लिंबाच्या झाडानें वर्षानुवर्षें राहावयाचें, म्हटल्यावर पाण्याची चूक थोडीहि असली तरी ती लागलीच भोंवते.

कुंडीला भोंक आहे म्हणजे तींतील सारें जास्तीचें पाणी निघून जातें, असें नव्हे. मातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात. भोंकांतून गळती थांबल्यावरहि तळाशीं कांहीं बोटें उंचीचा थर चिंब राहतो. या थराची उंची मातीच्या जातीवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. समजा, एखाद्या मातींत हा थर ५ सेंटिमीटर राहतो. तर १० सेंटिमीटर उंचीच्या कुंडींत निम्मी माती चिंब राहील आणि ३० सेंटिमीटर उंचीच्या कुंडींत केवळ सहावा हिस्सा. उथळ कुंडींत चिकण माती भरणें घातक, तें याच कारणानें. तळाशीं खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्यानें निचरा सुधारतो, ही समजूतहि बरोबर नाहीं. चिंब थर त्या खडीच्या वर तयार होतो व मुळांची जागा मात्र कमी होते. भोंकावर एक खापरी पालथी ठेवणें पुरें; बाकीची कुंडी भुसभुशीत मातीनेंच भरावी.

भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगांतून पाणी उडतें, म्हणून ती लवकर सुकते व थंड राहते. प्लास्टिकच्या कुंडींतून किंवा पिशवींतून पाणी फक्त वरून उडतें. पावसाळ्यांत ती दिवसेंदिवस ओली राहते. काळी पिशवी उन्हांत इतकी तापते कीं कडेचीं कोंवळीं मुळें शिजतात. एकाच ओळींत निरनिराळ्या जातींच्या कुंड्या ठेवून सर्वांस सारखें पाणी देणें म्हणूनच चुकीचें आहे.

पाहणीचा क्रम

पान हें दुखण्याचें शेवटचें चिन्ह होय. दुखणें बहुधा मातींत सुरू झालेलें असतें. तेव्हां पाहणीचा आरंभ मातीपासून करावा व पुढील क्रम सोडूं नये.

पहिली गोष्ट ओल. मातींत दोन पेरें बोट खुपसून पाहावें. मोठ्या कुंडींत बांबूची सुकी काडी तळापर्यंत घालून दहा मिनिटांनीं काढावी. ती कोठपर्यंत ओली झाली यावरून खालची स्थिति समजते. वरची माती कोरडी व तळ चिखलासारखा, असें अनेकदां आढळतें. लहान कुंडी उचलून पाहण्याची संवय ठेवल्यास वजनावरूनच ओल कळूं लागते.

दुसरी गोष्ट निचरा. तांब्याभर पाणी घालावें व भोंकाकडे पाहावें. पाणी वरच तुंबून राहिलें, तर माती घट्ट झाली आहे किंवा भोंक मुळांनीं बंद झालें आहे. उलट, पाणी घालतांच तें खालून धांवत बाहेर आलें, तर माती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटली आहे, आणि पाणी त्या फटींतून जातें. मधला मुळांचा गड्डा कोरडाच राहतो.

तिसरी गोष्ट, कोणतीं पानें बिघडलीं. खालचीं जुनीं, शेंड्याचीं नवीं, कीं झाडाच्या एकाच बाजूचीं? चौथी, पानाचा कोणता भाग बिघडला. टोंक, कडा, शिरांमधील जागा, कीं मध्येंच कोठें तरी? पांचवी, पान उलटें करून पाठ पाहावी. किडींचें बिऱ्हाड बहुधा तेथें असतें. इतक्यानेंहि उलगडा न झाल्यास सहावी गोष्ट म्हणून झाड मातीच्या गड्ड्यासकट हलक्या हातानें बाहेर काढून मुळें पाहावीं. जिवंत मूळ पांढरट, टणक असतें. कुजलेलें मूळ काळपट असून चिमटींत धरून ओढलें असतां त्याची साल हातांत येते व आंत दोऱ्यासारखा गाभा राहतो. मातीला आंबूस वास येतो.

पाणी जास्त आणि पाणी कमी

झाडाच्या मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. शेतकऱ्याला हें सांगावयास नको, कारण वाफसा या एका शब्दांत तो सारा अर्थ आहे. वाफसा नसलेल्या रानांत आपण पेरणी करीत नाहीं. कुंडीच्या बाबतींत मात्र तोच नियम आपण विसरतों. माती सतत चिंब राहिली म्हणजे तिच्यांतील हवेची जागा पाणी घेतें, मुळें गुदमरतात व त्यांस पाणी ओढतां येत नाहीं. त्यांत मूळकुजीच्या बुरशीची भर पडते. परिणाम असा होतो कीं, झाड पाण्यांत उभें असून तहानेलें दिसतें. पानें माना टाकतात. मालकास वाटतें, पाणी हवें. तो पाणी घालतो, आणि उरलींसुरलीं मुळेंहि जातात.

या दोन स्थिति पुढील खुणांवरून वेगळ्या ओळखाव्या. जास्त पाण्यानें खालचीं पानें आधीं पिवळीं पडतात. तीं मऊ, लिबलिबीत राहून लहानशा धक्क्यानें गळतात. मातीवर हिरवें शेवाळ धरतें, बारीक काळीं चिलटें उडतात, नवे कोंब येण्याचें थांबतें. कमी पाण्यानें पानें निस्तेज होऊन वळतात, कडांकडून वाळतात व हातांत कुरकुरतात. माती हलकी होऊन भिंतीपासून सुटते. पहिल्या स्थितींत मलूल झाड पाणी घातल्यानें सुधारत नाहीं. दुसऱ्या स्थितींत कांहीं तासांत तें ताजें होतें.

यांत एक तिसरी स्थिति आहे, ती दुखणें नव्हे. वैशाखाच्या दुपारीं मिरची, वांगें, जास्वंद यांचीं पानें ओल असतांनाहि खालीं लोंबतात, कारण पानांतून पाणी जितकें उडतें तितकें मुळें पुरवूं शकत नाहींत. संध्याकाळीं तीं आपोआप उभीं राहतात. दुपारच्या या मलूलपणावरून पाण्याचा निर्णय कधींहि करूं नये, सकाळीं पाहावें. सकाळींहि पान लोंबलेलेंच असेल, तर मात्र माती तपासावी.

खाराचें दुखणें

नव्या मुंबईच्या भागांत ज्या बिघाडाकडे सर्वांत कमी लक्ष जातें, तो क्षारांचा होय. आणि याच भागांतील जुन्या शेतकऱ्याला तो इतरांपेक्षां चांगला समजावयास हवा. खारेपाटांतील जमिनींत उन्हाळ्यांत ओल उडून जाते व खालचा क्षार वर चढून पांढरा थर दिसतो. पावसाळ्याच्या आरंभीं तो पावसाच्या पाण्यानें धुऊन, उघाडींतून बाहेर काढून, मगच भात लावीत. कुंडी ही खारजमिनीचीच लहानशी प्रतिकृति आहे आणि तिच्या तळाचें भोंक ही तिची उघाडी आहे. प्रत्येक पाण्याबरोबर व प्रत्येक खताबरोबर थोडा क्षार आंत येतो. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतो. उघाडींतून जर कधींच पाणी वाहिलें नाहीं, तर कुंडीचें खारपट झालेंच म्हणून समजावें.

याच्या खुणा स्पष्ट असतात. पानाचें टोंक प्रथम करपतें, मग करपा कडेकडेनें मागें सरकतो. करपलेला भाग तपकिरी व कोरडा असून त्याची सीमा ठळक असते. जुन्या पानांवर तो जास्त दिसतो. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर व मातीवर पांढरट साका धरतो. माती ओली असून झाड खुरटतें, कारण खाऱ्या ओलींतून पाणी ओढणें मुळांस जड जातें. आंबा, लिंबू, गुलाब व घेवडा यांस हा त्रास लवकर होतो. चिकू, नारळ व बोगनवेल पुष्कळ सोसतात. शेतजमिनीच्या परीक्षेंत मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्-वाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनहून अधिक आढळल्यास ती जमीन क्षारयुक्त मानतात. पण आंबा, लिंबू व घेवडा यांस त्याहून कमी क्षारहि बाधतो. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाकडे आहे, व तेथून पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती निघाल्या आहेत. भाताला जी जात शोधून द्यावी लागली, ती सोय आंब्याच्या कलमाला नाहीं. त्याची कुंडीच गोडी ठेवली पाहिजे.

क्षार येतो तीन वाटांनीं. पहिली वाट पाण्याची. खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणाचें महानगरपालिकेचें पाणी गोडें आहे. पण खाडीजवळच्या विंधणविहिरींचें पाणी मचूळ असूं शकतें, विशेषतः मार्चनंतर. दुसरी वाट खताची. रासायनिक खत थोडें थोडें म्हणून वारंवार घातलें जातें, व पोटॅशसाठीं म्युरिएट वापरल्यास त्यांतील क्लोराइडनें आंब्याचीं टोंकें करपतात. तेथें सल्फेट वापरावें. नारळाचा भुसाहि न धुतां वापरल्यास मीठ घेऊन येतो. तिसरी वाट वाऱ्याची. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबरचे खारे तुषार पानांवर सुकतात. अशा वेळीं झाडाची पश्चिमेकडील बाजूच तेवढी करपलेली दिसते.

उपाय खारजमिनीचाच आहे, तो म्हणजे धुणें. कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडें पाणी, म्हणजे वर सांगितलेल्या १४ लिटरच्या कुंडीस सुमारें २८ लिटर, तीन-चार वेळां थांबून थांबून सोडावें व खालून निघालेलें पाणी दूर वाहूं द्यावें. थाळींत सांठलेलें पाणी झाडास पुन्हां पिऊं देणें म्हणजे धुतलेला खार परत घालणें होय. मातीवरील पांढरा साका आधीं खरवडून टाकावा. मात्र निचरा नसलेल्या किंवा मुळें कुजलेल्या कुंडीस हा उपाय करूं नये; तिची माती बदलावी.

ऊन आणि वारा

रोपवाटिकेच्या सावलींत वाढलेलें कलम एप्रिल महिन्यांत एकदम गच्चीवर ठेवलें असतां त्याचीं पानें भाजतात. हे डाग पानाच्या उन्हाकडील अंगावर, बहुधा मध्यभागीं येतात. प्रथम पांढुरके व नंतर कागदासारखे कोरडे होतात, व एकदां पडल्यावर पसरत नाहींत. बुरशीचा डाग पसरतो आणि त्याभोंवतीं पुष्कळदां पिवळें कडें असतें, हा दोहोंतील भेद. झाडास दहा-बारा दिवसांत क्रमाक्रमानें ऊन वाढवीत न्यावें. गच्चीचा सिमेंटचा तळ रात्रीपर्यंत उष्ण राहतो. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्यानें मुळें तापत नाहींत व भोंकहि मोकळें राहतें. पानावरील थेंबांनीं भिंगासारखें ऊन एकवटून पान जळतें, ही समजूत गुळगुळीत पानांच्या बाबतींत खरी नाहीं. खाऱ्या पाण्याच्या थेंबांनीं मात्र डाग पडतात.

अन्नाची उणीव व किडी

जुनीं पानें सगळीकडून सारखीं फिकट पिवळीं पडल्यास नत्र कमी समजावें. मोठ्या पावसानें नत्र वाहून जातें, म्हणून भाद्रपदांत हें विशेष दिसतें. जुन्या पानांत शिरा हिरव्या व मधली जागा पिवळी, तर मॅग्नेशियमची उणीव. हीच खूण शेंड्याच्या नव्या पानांवर असेल तर लोहाची; पण चिंब मातींत मुळें लोह घेऊं शकत नाहींत, म्हणून लोह घालण्यापूर्वीं निचरा पाहावा.

पानांत भोंकें व कडा खाल्लेल्या दिसल्या तर अळी किंवा गोगलगाय शोधावी; गोगलगायीचा चकचकीत माग राहतो. लिंबावरील फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजर चुकते. पानांत रुपेरी वळवळीत रेघा ही पान पोखरणाऱ्या अळीची खूण. बारीक फिकट ठिपके व पाठीवर जाळें, तर लाल कोळी. तो कोरड्या उन्हाळ्यांत वाढतो. मिरचीचीं पानें चुरडली, तर फुलकिडे किंवा कोळी पाहावे. पानांवर काजळी व खोडावर मुंग्यांची रांग असल्यास वर कोठें तरी मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे. काजळी पुसून भागत नाहीं, रस शोषणारी कीड काढावी लागते. अळ्या हातानें वेंचाव्या, बारीक कीड पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानें धुवावी, आणि गरज पडल्यास लिटरभर पाण्यांत ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून सायंकाळीं फवारावें.

ऋतुमानाप्रमाणें पाणी

३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीच्या तोंडावर १०० मिलिमीटर पावसानें सुमारें ७ लिटर पाणी पडतें. २६ जुलै १९०५ च्या नव्हे, तर २००५ च्या प्रसिद्ध अतिवृष्टींत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या हिशेबानें अशा एका कुंडीवर ६६ लिटरांहून अधिक पाणी पडलें असतें. म्हणून मृगापूर्वींच प्रत्येक कुंडीचें भोंक तारेनें मोकळें करावें, थाळ्या काढून ठेवाव्या व कुंड्या विटांवर घ्याव्या. याच्या उलट, छज्जाखालील कुंडीवर भर पावसाळ्यांतहि थेंब पडत नाहीं. बाहेर पाऊस आहे म्हणून तिचें पाणी बंद केल्यास झाड आषाढांत तहानेनें वाळतें. दाट पानांचें झाडहि छत्रीसारखें पाणी बाहेर टाकतें. पावसाळ्यांतहि बोट घालून पाहण्याचा नियम सोडूं नये.

आश्विनांतील उकाड्यांत पाणी पुन्हां सुरू करावें. पावसांत मुळें अशक्त झालेलीं असल्यानें या वेळीं पुष्कळ झाडें अचानक बसतात. थंडींत वाढ मंद असते, कढीनिंब पानेंहि गाळतो. तेव्हां पाणी कमी करावें. फाल्गुनापासून सकाळीं लवकर, खालून निघेपर्यंत भरपूर पाणी द्यावें. लहान कुंडीस सायंकाळींहि लागेल. रोज थोडें थोडें शिंपडल्यानें वरची दोन बोटें भिजतात, तळ कोरडा राहतो व क्षार सांठतो. मातीवर पेंढ्याचें आच्छादन घातल्यानें पाणी वांचतें.

बिघडलेल्या झाडाचा उपचार

मुळें कुजलीं असल्यास झाड काढून जुनी माती झटकावी, कुजका भाग धारदार कात्रीनें कापावा, व तितक्याच प्रमाणांत वरचा पालाहि कमी करावा. लाल माती, चांगलें कुजलेलें शेणखत, आणि रेती किंवा भाताचें तूस यांच्या भुसभुशीत मिश्रणांत, मुळांच्या मानानें लहान कुंडींत तें लावावें. एकदां पाणी देऊन आठ-दहा दिवस सावलींत ठेवावें. नवी पालवी फुटेपर्यंत खत मुळींच देऊं नये. आजारी मुळांस खत म्हणजे खारच होय.

कोरड्या पडलेल्या गड्ड्यास वरून पाणी घालून उपयोग नाहीं. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यांत ठेवावी, नंतर निथळूं द्यावी. करपलेला भाग पुन्हां हिरवा होत नाहीं, म्हणून उपचाराचें यश जुन्या पानांवरून न मोजतां नव्या पालवीवरून मोजावें.

सारांश

खालचीं पानें पिवळीं, मऊ व माती चिंब असेल तर पाणी थांबवावें. पानें कुरकुरीत व माती सुटलेली असेल तर कुंडी भिजत घालावी. टोंकें करपलीं व पांढरा साका आला तर कुंडी धुवावी. उन्हाकडे पांढुरके डाग आले तर सावली करावी. शेंड्याचीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या असतील तर आधीं निचरा पाहावा. भोंकें, जाळें किंवा काजळी असेल तर पान उलटावें.

एका वेळीं एकच उपाय करावा व आठ दिवस वाट पाहावी. पाणी, खत व औषध हीं एकदम दिलीं, तर झाड जगलें कशानें आणि मेलें कशानें, हें कळत नाहीं. ज्यांचीं कलमें पिशव्यांत उभीं आहेत, त्यांनीं मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं एकेक पिशवी उचलून तिचें वजन व भोंक तपासावें; लागणीच्या दिवशीं खड्ड्यांत जिवंत मूळ जाईल, तरच त्या खड्ड्याची मजुरी वसूल होईल.